गावाला जनरेटर पाठवताय? आधी वायर कुठे जाते ते विचारा



अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झाल्याची बातमी आली, की ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंतच्या कोकणी घरांत फोन सुरू होतात. कुणाची आई गावाला एकटी असते, कुणाच्या भावाची सुपारीची वाडी असते. वादळ येऊन गेलं की दुसरे फोन सुरू होतात आणि त्यातले बरेचसे माझ्याकडे येतात. वीज मंडळात आणि पुढे महावितरणमध्ये माझी नोकरी झाली, हे डोंबिवलीतल्या आमच्या तालुक्याच्या लोकांना ठाऊक आहे. प्रश्न ठरलेला. "साहेब, गावात लाईट नाही. वाडीच्या मुंबई मंडळाने पैसे जमवलेत. जनरेटर पाठवायचाय. कितीचा घेऊ?"

कितीचा घ्यायचा ते मी सांगेनच, त्याला दोन वाक्यं पुरतात. पण तो गावात गेल्यावर कुठे जोडणार, हे मला आजवर कुणी आपणहून सांगितलेलं नाही. आज मी बोलायला आलोय ते त्यासाठी.

3 जून 2020 आठवा. निसर्ग चक्रीवादळ भर दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी 100 किलोमीटरच्या वर. मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, म्हसळा आणि बाणकोटच्या खाडीपलीकडे मंडणगड, दापोली. काही तासांत सुपारीची झाडं मधोमध मोडली, माड उन्मळले, आजोबांच्या हातची आंब्याची कलमं मुळासकट आडवी झाली, शाळांचे पत्रे उडाले. विजेचे खांब हजारोंनी पडले. त्यातून करोनाची टाळेबंदी. लोकल बंद, एसटी बंद, गावी जायचं तर ई-पास. इकडे दिव्याच्या चाळीतला माणूस रात्रभर गावचा नंबर लावत होता आणि तिकडे टॉवरच बंद पडलेले. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. ते किनाऱ्याला समांतर सरकत गुजरातेत दीव-उन्याकडे जमिनीवर गेलं, तरी जाता जाता सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगडात तारा तोडून गेलं. त्याआधी नोव्हेंबर 2009 मध्ये फयान येऊन गेलेलं. तेव्हा वादळं फक्त ओडिशाला येतात, हे आता कुणी म्हणू नये. मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे आपले धोक्याचे महिने.

मदत कशी करावी, हे इथल्या माणसांना शिकवायला नको. 26 जुलै 2005 ला कल्याण-डोंबिवलीच्या तळमजल्यांत पाणी शिरलं, तेव्हा वरच्या मजल्यावरच्यांनी दारं उघडी टाकली होती. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली, तेव्हा बोटींबरोबर आसपासच्या गावांतली माणसंही हजारभर प्रवाशांसाठी धावली. निसर्गनंतर याच भागातून टेम्पो भरून निघाले. शीळफाटा, पनवेल, पेण, माणगाव आणि तिथून ज्याचं त्याचं गाव. त्या टेम्पोंत तांदूळ होते, ताडपत्र्या होत्या आणि जनरेटर होते.

आता माझं सांगणं ऐका. जनरेटर घराच्या वायरिंगला थेट जोडू नका. घरातल्या प्लगमध्ये नाही, बोर्डाला नाही, मीटरच्या पेटीत नाही, कुठेच नाही.

गावात काय करतात ते सांगतो. एक वायर घेतात आणि तिच्या दोन्ही टोकांना पिन बसवतात. एक पिन जनरेटरच्या सॉकेटमध्ये, दुसरी घरातल्या पॉवर प्लगमध्ये. झालं, सगळं घर उजळलं. ही दोन पिनांची वायर मी मंडणगड तालुक्यातल्या एका पडवीत खुंटीला नीट गुंडाळून ठेवलेली पाहिली आहे. प्लगमधली पिन निसटून जमिनीवर पडली, तर तिची उघडी पितळी टोकं 230 व्होल्ट घेऊन पडलेली असतात आणि घरात रांगतं पोर असतं. पण हा धोका निदान त्याच घरातला. मी ज्याबद्दल बोलतोय तो धोका पाऊण किलोमीटरवर खांबावर चढलेल्या माणसाला आहे.

लाईट गेली म्हणून तुमचं घर लाईनपासून सुटं होत नाही. बोर्डापासून मीटर, मीटरपासून सर्व्हिस वायर, तिथून खांब, खांबावरून एल.टी., म्हणजे कमी दाबाची, लाईन आणि लाईनवरून डीपी, हे सगळं जोडलेलंच असतं. घरात सोडलेला जनरेटरचा करंट मेन स्विच चालू असेल तर मीटरमधून उलटा बाहेर पडतो आणि खांबावर जातो. तिथून डीपीपर्यंत. डीपी म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी चालतो, हे आपण शाळेत शिकलोय. वरून 11 हजार व्होल्ट दिले की खाली घरात 230 मिळतात. खालून 230 दिले की वरच्या तारांवर 11 हजार उभे राहतात. तुमच्या अंगणातल्या, दोरी ओढून सुरू केलेल्या, पाच लिटर पेट्रोलच्या यंत्रातून.

आणि वर कोण असतं? ज्याची तुम्ही वाट बघत असता तोच. वायरमन.

तो माणूस कसं काम करतो ते बघा. सबस्टेशनला फोन करून फीडर, म्हणजे तिथून गावाकडे येणारी लाईन, बंद करून घेतो, कामाचं परमिट घेतो, डीपीवरचं स्विच पाडतो, फ्यूज काढतो. मग डिस्चार्ज रॉड तारांना टेकवून त्या अर्थ करतो, म्हणजे जमिनीला जोडतो. कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग हवं, नियम तसाच आहे. पण वादळानंतर एका फीडरवर पन्नास ठिकाणी तार तुटलेली असते, कोकणातल्या कातळात अर्थिंगची सळई धड उतरत नाही, पाऊस पडत असतो, अंधारायला आलेलं असतं आणि खाली अख्खी वाडी "आज येईल ना हो लाईट?" म्हणत उभी असते. त्या टीममध्ये कंत्राटी पोरं असतात, आयटीआय करून दोन-तीन वर्षं झालेली. दुसऱ्या जिल्ह्यातून आलेली, गाव न पाहिलेली. फीडर बंद आहे म्हणून त्यातला एखादा तारेला हात घालतो आणि त्याच वेळी खालच्या आळीत कुणीतरी जनरेटरची दोरी ओढतं.

यावर दोन उत्तरं मला नेहमी ऐकायला मिळतात.

पहिलं, "साहेब, एवढा छोटा जनरेटर सगळ्या गावाचा लोड कसा उचलेल? तो ट्रिप होईल." एरवी होतो, कबूल. पण वादळानंतर लाईन तुकड्या-तुकड्यांत तुटलेली असते. तुमच्या घराच्या पुढे दोन खांबांवरच ती संपलेली असते, किंवा शेजाऱ्यांनी आपापले मेन बंद करून ठेवलेले असतात. मग लोडच नसतो. जनरेटर ट्रिप होत नाही, आरामात चालत राहतो आणि तार जिवंत राहते. माणूस मरायला लोड लागत नाही श्रोतेहो. एक अँपिअरचा दहावा हिस्साही पुरेसा होतो.

दुसरं उत्तर, "आम्ही मेन स्विच बंद करूनच लावतो." हो, पहिल्या दिवशी. ज्याला समजतं तो माणूस घरात असतो तोवर. चौथ्या दिवशी तो पेट्रोल आणायला म्हसळ्याला गेलेला असतो आणि घरातलं कुणीतरी लाईट आली का बघायला मेन चालू करतं. प्रत्येक घरात कुणीतरी हे करतंच, कारण लाईटची सगळेच वाट बघत असतात. जीव वाचणं कुणाच्या आठवणीवर सोडायचं नसतं. आणि लाईन खरंच चालू झाली नि मेन चालू असला, तर तुमचा जनरेटर जळतो, शेजारी पेट्रोलचा कॅन असतो, पुढचं मी सांगत नाही.

मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो येतात. अंगणात नवा कोरा जनरेटर, त्याला हार घातलेला, मागे घरातले सगळे दिवे पेटलेले, ओटीवरचा पंखासुद्धा फिरतोय. खाली पन्नास जण हात जोडतात. तुमचं हात जोडणं मला समजतं, कारण त्या उजेडात तुमची आई बसलेली असते. पण मला त्या फोटोत एकच गोष्ट दिसते. घरातले सगळे दिवे पेटलेत, म्हणजे तो वायरिंगला जोडलाय. त्यावर मी "ताबडतोब काढा" लिहिलं, की कुणीतरी म्हणतं, "साहेब, चांगल्या कामात असं नका बोलू." अरे, चांगल्या कामातच बोलायचं असतं! गावासाठी तुम्ही गाठीचे पैसे काढता, रात्रीचा टेम्पो घेऊन जाता आणि त्या मदतीने एखाद्या घरातला कमावता मुलगा जातो. त्याचं घरही तुमच्यासारखंच असतं. त्याची आईसुद्धा कुठल्या तरी गावात फोनची वाट बघत बसलेली असते. मी खांबाखाली उभा राहिलेला माणूस आहे, म्हणून मला हे हळू आवाजात सांगता येत नाही.

ठाण्यातल्या उंच इमारतींत राहणाऱ्यांनी जरा जास्त लक्ष द्यावं. तुमच्याकडे लाईट गेली की अर्ध्या मिनिटात सोसायटीचा जनरेटर आपोआप सुरू होतो आणि लिफ्ट चालू होते. तिथे बेसमेंटमध्ये पॅनेल बसवलेलं असतं. ते आधी बाहेरची लाईन तोडतं आणि मगच जनरेटर जोडतं. गावच्या घरात असं पॅनेल नसतं. इथे बटन दाबायचीही सवय नसलेला माणूस गावी गेल्यावर जनरेटरला घरचा प्लग दाखवतो, हे मी पाहिलंय.

मग लावायचा कसा? सोपं आहे. जनरेटरच्या अंगावर जे सॉकेट असतं, त्यातून जाड वायरीचा एक्स्टेन्शन बोर्ड बाहेर काढा आणि जे चालवायचं ते थेट त्या बोर्डाला लावा. चार मोबाइल, दोन एलईडी दिवे, एक टेबल फॅन. घराच्या भिंतीतल्या एकाही प्लगशी त्याचा संबंध नको. पंप चालवायचा असेल तर त्याची वायर स्टार्टरच्या मीटरकडच्या बाजूने पूर्ण सोडवा आणि मग जनरेटरला द्या. हे काम वायरिंगची माहिती असलेल्याच माणसाने करावं. अख्खं घर चालवायचंच असेल तर चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. एका बाजूला महावितरण, एका बाजूला जनरेटर आणि मध्ये बंद. दोन्ही एकाच वेळी लागूच शकत नाहीत, अशी त्याची रचना असते. न्यूट्रलसुद्धा तोडणारा, म्हणजे टू-पोल घ्या आणि परवानाधारक माणसाकडून बसवा. वादळ येण्याआधी बसवा, कारण नंतर वायरमनला त्यासाठी वेळ नसतो. जनरेटरच्या किमतीत चेंजओव्हरची किंमत कळतसुद्धा नाही. मंडळाने दोन्ही एकाच बिलावर घ्यावं.

आता कितीचा ते. दिवे आणि मोबाइलसाठी 2 केव्हीए भरपूर झाला. विहिरीवर एक एचपीचा पंप असेल तर 5 घ्या, कारण मोटर उठताना पाचपट करंट ओढते. एवढंच.

त्याच जोडीची आणखी एक गोष्ट. जनरेटर घरात चालवू नका, पडवीत नको, गोठ्यात नको, खिडकीखाली नको. पाऊस असतो म्हणून लोक तो आत ओढून घेतात. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही आणि झोपलेला माणूस त्यातून उठत नाही. निसर्ग ज्या वर्षी आलं, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात लॉरा वादळ आलं. तिथे लेक चार्ल्स शहरात एकाच घरातली अनेक माणसं वादळातून वाचली आणि गॅरेजमध्ये लावलेल्या जनरेटरच्या वायूने गेली. जनरेटर घरापासून वीसेक फूट लांब, उघड्यावर, वर पत्र्याचा आडोसा आणि चारही बाजू मोकळ्या. आपल्याकडे अंगणं मोठी आहेत, त्याचा फायदा घ्या.

इन्व्हर्टरबद्दलही विचारतात. कंपनीचा इन्व्हर्टर जोडणीच्या पुस्तिकेप्रमाणे बसवला असेल तर तो उलटा करंट सोडत नाही. छतावरच्या ग्रिडला जोडलेल्या सोलरचंही तसंच, लाईन गेली की तो स्वतः बंद होतो. त्यात कुणी स्वतःची कारागिरी केली असेल, तर ती आजच काढा.

तुम्हाला खरंच लाईट लवकर यायला हवी असेल, तर मदतीची दुसरी जागा सांगतो. वादळानंतर बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या टीम बहुतेक वेळा गावच्या शाळेत उतरतात. शाळेलाही वीज नसते, पाणी नसतं आणि जवळच्या खानावळीचे पत्रे उडालेले असतात. खांब उभा करायचा म्हणजे दीड मीटर खोल खड्डा, आणि तो जांभ्याच्या कातळात. एक खड्डा पहारीने मारायला कधीकधी अर्धा दिवस जातो. जेसीबी वाडीत पोचत नाही, कारण पाखाडीच्या पायऱ्या आहेत. मग खांब खांद्यावर. निसर्गच्या वेळी ज्या गावांतली पोरं खड्डे मारायला आणि खांब ओढायला उतरली, ज्या घरांनी टीमला दोन वेळची भाकरी दिली, तिथलं काम पुढे सरकत होतं. म्हणून मंडळाने जनरेटरच्या पैशातले थोडे या कामी ठेवावेत. टीमच्या जेवणाचा शिधा, हातमोजे, चांगल्या विजेऱ्या, पहारी. झाडं तोडायला चेन सॉ आणि तो चालवणारा माहितगार माणूस. मात्र खांबावर गावच्या कुणीही चढायचं नाही, कितीही हुशार असला तरी. आणि टीम गावात आली की सरपंचांनी किंवा वाडीच्या गावकाराने पहिली गोष्ट सांगायची ती ही, की आमच्याकडे कुणाकुणाकडे जनरेटर आहेत. ती यादी वायरमनच्या हातात द्या. तो काम करतोय तेवढा वेळ सगळे जनरेटर बंद. मोबाइल दोन तास बंद राहिला तर काही बिघडत नाही.

सामानाबद्दल थोडक्यात. ताडपत्री, नायलॉनची दोरी, पत्र्याचे जे-हूक आणि वायसर, पाणी शुद्ध करायचे थेंब, डासांच्या अगरबत्त्या. जुने कपडे पाठवू नका. बाकी गावात फोन लागला की विचारा आणि मग टेम्पो भरा.

पैसे आणि सामान यांपलीकडे चाकरमान्यांच्या हातात एक गोष्ट आहे आणि ती फुकट आहे. नुकसानीचे पंचनामे होतात, तेव्हा तलाठी सातबारा मागतात. कोकणातला सातबारा सामाईक असतो. आजोबांच्या मागे पाच-सात-दहा नावं, त्यातली निम्मी डोंबिवली, कळवा, बदलापूरला राहणारी. गावात राहून वाडी शिंपणारा एकच भाऊ. मदत त्याच्या खात्यात जायची तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. निसर्गनंतर सरकारने फळबागांची मदत हेक्टरी 18 हजारांवरून 50 हजारांवर नेली, पुढे नारळाच्या झाडामागे 250 आणि सुपारीच्या झाडामागे 50 रुपयेही ठरवले. रक्कम फार मोठी नाही. सुपारीचं झाड पुन्हा लावून फळाला यायला पाच-सहा वर्षं जातात, त्यापुढे ती काहीच नाही. पण तेवढीही एका सहीसाठी अडकून राहते. भावाभावांत बोलणं बंद असतं म्हणून अडकते. तुमचा वाडीच्या हिश्शावरून वाद असेल तर तो कोर्टात नाहीतर गणपतीत भांडा, पण ही सही द्या. संमतीपत्र आत्ताच, पावसाळ्याआधी, आधार कार्डाच्या प्रतीसह करून भावाकडे देऊन ठेवा. वहिनीच्या हातात दिलंत तर आणखी बरं, ते हरवणार नाही.

वादळ गेल्यावर तुटलेली तार दिसली तर ती मेलेलीच आहे असं धरू नका. लांब राहा, इतरांना लांब ठेवा आणि 1912 वर महावितरणला कळवा. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077. दोन्ही गावच्या घराच्या दारामागे खडूने लिहून ठेवायला सांगा, कारण मोबाइलची बॅटरी संपलेली असते.

आणि ज्या मंडळांनी 2020 ला किंवा 2021 ला जनरेटर पाठवले, त्यांच्यासाठी शेवटचं. ते जनरेटर अजून गावातच आहेत. कुणाच्या खोपीत, कुणाच्या माळ्याखाली, आणि दोन पिनांची ती वायरही तिथेच गुंडाळलेली असेल. आज रात्री जेवणं झाल्यावर गावी फोन लावा. ज्याच्याकडे जनरेटर आहे त्या दादाला, काकाला, वहिनीला विचारा, वायर कशी जोडता? ती दोन पिनांची असेल तर फोन चालू असतानाच तिची एक पिन कापायला सांगा. कापली का, ते विचारूनच फोन ठेवा.